शून्य क्रमांकाचे पुस्तक

वडील माणसांनी मुलांस पुस्तके द्यावीत आणि मुलांनी ती वाचावीत, हा जगाचा नेहमीचा क्रम होय. आमच्या घरी गेल्या वैशाखात तो क्रम उलटला. चौदा वर्षांच्या नातीने आम्हांस एक पुस्तक दिले आणि सदतीस वर्षे मास्तरकी केलेल्या आम्ही ते मुकाट्याने वाचले. त्या वाचनाने आम्हांस जे दाखविले, ते घरोघरच्या वडील मंडळींच्या कानी घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर पिंप्राळ्यास आहे. एके काळी जळगावाशेजारचे हे स्वतंत्र गाव. आज ते जळगाव शहराचाच भाग झाले असले, तरी आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथ निघाला म्हणजे ते पुन्हा आपले गावपण मिरविते. घर जुने आहे, त्यास ओसरी आहे, आणि ओसरीवर सागवानी झोपाळा आहे. त्या झोपाळ्याची डावी बाजू आमच्या कुटुंबाची. चाळीस वर्षे तिने त्याच बाजूस बसून भाजी निवडली, पोथी वाचली आणि आमच्याशी वाद घातला. तिला जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून ती बाजू आम्ही मोकळी ठेविली होती. तिचा चष्मा कोनाड्यात होता तसाच होता. तिच्या कपाटाची किल्ली आमच्या जानव्यास असे.

सुटीत मुलगा, सून व नात पुण्याहून आली होती. वैशाखातच तिची तिथी येते. खानदेशचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांस सांगावयास नको की, दुपारी दोन वाजता ओसरीखेरीज बसावयास दुसरी जागा नसते. नात एक पुस्तक घेऊन आली आणि झोपाळ्याच्या डाव्या बाजूस बसली.

"तिथे बसू नकोस, ती आजीची जागा आहे," आम्ही म्हणालो. स्वर जरा चढला असावा. पोर काही न बोलता उठली व जोत्यावर जाऊन बसली. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले, त्याही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी नातीने ते पुस्तक आमच्यापुढे ठेविले.

"आजोबा, हे वाचाल का?"

"चित्रांचे पुस्तक आम्ही काय वाचायचे?"

"वाचा तर. मागून पुढे वाचायचं असतं. अडलं की मला विचारा."

पुस्तक जपानी होते, म्हणजे जपानीचे इंग्रजी भाषांतर होते. अशा चित्रकथांस तिकडे 'मांगा' म्हणतात. पाठीचे पान ते पहिले पान, आणि चित्रे उजवीकडून डावीकडे पाहत जावयाची. नाव 'जुजुत्सु काइसेन', आणि क्रमांकाच्या जागी शून्य. पहिला खंड, दुसरा खंड आम्ही जाणतो. हा शून्यावा खंड कोठला, असे आम्ही विचारले, तेव्हा नातीने त्याचा इतिहास सांगितला. गेगे अकुतामी या टोपणनावाने लिहिणाऱ्या ग्रंथकाराने २०१७ साली 'जम्प गीगा' नामक नियतकालिकात चार प्रकरणांची एक छोटी कथा लिहिली. ती लोकांस आवडली. पुढे मार्च २०१८ पासून 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात त्याच जगातील मोठी कथा सुरू झाली. ती सप्टेंबर २०२४ पर्यंत चालून तिचे तीस खंड झाले. मोठ्या कथेचा नायक निराळा आणि काळ एक वर्ष पुढचा. तेव्हा आधीच्या छोट्या कथेस डिसेंबर २०१८ मध्ये पुस्तकरूप देताना शून्य हा अंक दिला गेला. २४ डिसेंबर २०२१ रोजी तिच्यावर चित्रपटही निघाला. सारांश, कथा आधी लिहिली गेली, परंतु पूर्वकथा हे पद तिला मागाहून प्राप्त झाले.

हे ऐकून आम्हांस प्रथम दंडीची आठवण झाली. 'दशकुमारचरिता'ची आज जी प्रत हाती येते तिला पाच उच्छ्वासांची पूर्वपीठिका जोडलेली आहे. मूळ आठ उच्छ्वासांचा आरंभ मध्येच होतो, म्हणून कोणा मागाहूनच्या लेखकाने ती रचिली, असे पंडितांचे मत आहे. दोहोंतले काही तपशील एकमेकांशी जुळतही नाहीत. वाचकास 'याच्या आधी काय झाले' ही जी हुरहुर असते ती अशी पुरातन आहे. फरक इतकाच की दंडीची पूर्वपीठिका मागाहून लिहून पुढे बसविली, आणि ही जपानी पूर्वपीठिका आधी लिहून आधीच होती. विषय म्हणाल तर दोहोंकडे नगरे, तरुण मित्र, झुंजी आणि मांत्रिक. दंडीच्या मंत्रगुप्ताने स्मशानात कलिंगराजकन्येचा बळी देऊ पाहणाऱ्या सिद्धाचे मस्तक उडविले आहे, हे आम्ही नातीस सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग आजोबा, तुमचंही मांगाच की!"

येथे एक कबुली दिली पाहिजे. असल्या वाङ्मयाविषयीची आमची नाकमुरड निव्वळ ढोंग आहे. लहानपणी आम्ही बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड शाळेच्या भूगोलात लपवून वाचले. अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारांहून अधिक पुस्तके लिहिली. आमच्या हाती त्यांतली किती आली हे सांगत नाही. पुढे मास्तर झाल्यावर नारायण धारपांच्या (१९२५–२००८) कादंबऱ्या आम्ही मागच्या बाकावरून जप्त केल्या, घरी आणिल्या आणि कंदील बारीक करून रात्री वाचल्या. धारपांचा 'समर्थ' आपल्यासारख्याच साध्या घरांत येऊन अमानुष शक्तींशी सामना करितो. नगरातील नित्याच्या व्यवहाराखाली एक अंधारे तळघर आहे आणि कोणीतरी त्याचे दार धरून उभा आहे, ही कल्पना जशी जपानची तशी आपलीही आहे. आमचे कुटुंब तेव्हा हसून म्हणे, "पोरांची पुस्तके जप्त करणारे तुम्ही, तुमची कोण जप्त करणार?"

असो. कथा अशी आहे. युता ओक्कोत्सु नावाचा सोळा वर्षांचा मुलगा आहे; भित्रा, एकलकोंडा, जगण्यास विटलेला. लहानपणी रिका नावाची त्याची सवंगडीण होती. मोठेपणी लग्न करू, असे दोघांनी एकमेकांस सांगितले होते, आणि तिने त्याच्या वाढदिवसास एक अंगठी दिली होती. पुढे ती पोर त्याच्या डोळ्यांदेखत रस्त्यावरील अपघातात गेली. तेव्हापासून सहा वर्षे ती एका भयंकर पिशाचाच्या रूपाने त्याच्याभोवती आहे. कोणी त्याच्या वाटेस गेला की ती त्याचे हाल करिते. मंत्रविद्येच्या अधिकाऱ्यांनी या मुलास गुप्तपणे देहान्त शासन देण्याचे ठरविले होते. परंतु डोळ्यांस पट्ट्या गुंडाळून हिंडणारा गोजो नावाचा एक अजब गुरुजी त्यास टोकियोतील मंत्रविद्येच्या शाळेत घेऊन येतो. पिशाचाच्या अंगी असलेले बळ थोडथोडे करून तलवारीत उतरवावे, तिच्या बंधनाचे धागे एकेक सोडवावे, आणि शेवटी तिला मुक्त करावे, हा त्याचा अभ्यासक्रम.

शाळेची गोष्ट म्हटल्यावर आमचे लक्ष अर्थातच विद्यार्थ्यांकडे गेले. त्यांत इनुमाकी नामक एक मुलगा आहे. त्याच्या वाणीतच सामर्थ्य आहे. तो जे उच्चारील ते घडते. म्हणून चुकून कोणाचे वाईट होऊ नये यासाठी तो एरवी भाताच्या मुटक्यात भरावयाच्या जिनसांचीच नावे उच्चारितो, आणि मित्र त्यावरूनच त्याचे मनोगत ओळखितात. वाक्संयमाचा याहून चांगला पाठ आम्ही कोणत्याही क्रमिक पुस्तकात शिकविलेला नाही. माकी नावाची मुलगी विद्येच्या थोर घराण्यात जन्मली, परंतु तिच्या अंगी ती विद्या नाही. घरच्यांनी तिला हिणविले. ती मात्र शस्त्राच्या मेहनतीने उभी राहते. आणि प्रतिपक्षी गेतो हा एके काळचा त्याच शाळेतील विद्वान, गोजोचा मित्र. ज्यांच्या अंगी मंत्रबळ नाही ती सारी माकडे, त्यांना नाहीसे करून केवळ विद्यावंतांचे जग करावे, असे त्याचे तत्त्वज्ञान. पिढीजात विद्येचा अभिमान ज्या घरांत आहे, त्या आपल्यासारख्या घरांनी गेतोचे भाषण जरूर वाचावे. राक्षसाच्या मुखात आपलेच एखादे जुने वाक्य आढळले, तर ते तेथेच सोडून यावे.

मंत्रविद्येच्या नावापाशी आम्ही बराच वेळ अडलो. 'जुजुत्सु' या शब्दाच्या आरंभीचे जे चित्राक्षर आहे, त्याचा आज शाप असा अर्थ करितात. परंतु बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत मंत्र व धारणी या शब्दांसाठीही तेच अक्षर योजिलेले आहे. आपली विद्या तिकडे गेली ती याच वाटेने. कूकाई (७७४–८३५) नावाच्या जपानी भिक्षूने चीनमध्ये प्रज्ञ नामक भारतीय पंडिताजवळ संस्कृताचे पाठ घेतले आणि ८०६ साली मंत्रमार्ग जपानात नेला. तेथील देवळांत आजही होम होतो, त्यास 'गोमा' म्हणतात. आपली सरस्वती तेथे बेन्झाइतेन आहे, आपला इंद्र ताइशाकुतेन. मृताच्या थडग्यामागे ज्या उंच लाकडी फळ्या उभारितात त्यांस 'सोतोबा' म्हणतात. तो शब्द म्हणजे आपला स्तूप, आणि त्या फळ्यांवर सिद्धम् लिपीतील संस्कृत अक्षरे लिहितात. म्हणजे दूरच्या पोरांच्या चित्रकथेत आम्ही परके नव्हतो. केवळ मंत्र आणि शाप एका अक्षरात कसे मावले, एवढे आम्हांस उमगेना.

त्याचे उत्तर शेवटच्या प्रकरणात आहे. २४ डिसेंबरच्या रात्री गेतो टोकियो व क्योटो या नगरांवर हजारो पिशाचे सोडितो आणि स्वतः शाळेवर चालून येतो. मित्र घायाळ झालेले पाहून युता उभा राहतो. 'मी तुझ्याबरोबर येतो' असे वचन रिकास देऊन, आपला प्राण पणास लावून तो शत्रूचा पराभव करितो. येथे एखादा सामान्य लेखक थांबला असता. परंतु यानंतर गुरुजी त्यास सांगतात की त्याच्या वंशाचा शोध लागला; तो सुगावारा नो मिचिझाने याचा वंशज आहे. हा मिचिझाने (८४५–९०३) खरोखरीचा ऐतिहासिक पुरुष. मोठा कवी आणि पंडित, दरबारी कारस्थानाने दूर धाडला गेला व तेथेच मेला. पुढे राजधानीत अनर्थ घडू लागले ते त्याच्या कोपाने, असे मानून लोकांनी त्याची देवळे बांधिली. आज तो तिकडे विद्येचा देव आहे आणि परीक्षेस जाणारी मुले त्याच्या पाया पडतात. अशा वंशातल्या मुलाच्या अंगी उपजतच मोठे बळ. मग कोडे उलगडते. रिकाने युतास पछाडले नव्हते. ती मेली त्या क्षणी ज्याने तिचे मरण नाकारिले, त्या बाळ युतानेच तिला बांधून ठेविले होते. शाप त्याचा, आणि सहा वर्षे पिशाच होऊन राहिली ती. तो रडत क्षमा मागतो. ती पुन्हा लहानगी होऊन त्याचा निरोप घेते आणि जाते.

पुस्तक मिटून आम्ही नातीस विचारिले, "मग त्या पोराचा अपराध कोणता? प्रेम केले हाच?"

ती म्हणाली, "प्रेम केलं म्हणून नाही, आजोबा. तिला जाऊ दिलं नाही म्हणून. आणि त्याला ते माहीतच नव्हतं."

आम्ही वाद घातला. आपल्याकडील शाप क्रोधातून जन्मतो, असे आम्ही म्हणालो; दुर्वास रागावला म्हणून शकुंतला विसरली गेली. प्रेमातून वर निघेल, शाप कसा निघेल? ती काही न बोलता चहाचे कप उचलून आत गेली. तेव्हा आमचे लक्ष गेले की कप तीन होते. आमचा, तिचा, आणि तीन वर्षे आम्ही रोज सकाळी भरून झोपाळ्याच्या डाव्या बाजूशी ठेवीत आलो तो.

आता जे लिहितो ते आजवर मुलासही सांगितलेले नाही. आमचे कुटुंब दवाखान्यात होते. शुद्ध होती तोवर एके रात्री तिने आमचा हात धरून म्हटले, "आता मला पिंप्राळ्यास न्या. ओसरीवर निजू द्या." डॉक्टरांनी निर्णय आमच्यावर सोपविला होता. आशा थोडी आहे हेही लपविले नव्हते. आम्ही 'नाही' म्हणालो. उपाय करू, बरी होशील, असे म्हणालो. त्यानंतर अकरा दिवस ती यंत्रांच्या नळ्यांत होती आणि पुन्हा बोलली नाही. लोकांनी आमच्या सेवेची वाखाणणी केली. दहाव्या दिवशी गिरणेच्या काठी पिंड मांडिले, तर कावळा शिवेना. मुलाने पुढे होऊन म्हटले, आई, बाबांना सांभाळीन. सुनेने म्हटले, आई, सणवार चालवीन. नातेवाइकांनी आठवून आठवून तिच्या इच्छा उच्चारिल्या. आम्ही उभेच होतो. आमच्या तोंडातून एवढेच निघावयास हवे होते की, तुला घरी आणिले नाही, आता तू जा. ते निघाले नाही. उन्हे चढली तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवविला. तिची इच्छा अपुरी राहिली, असे सर्व म्हणाले. आम्हीही तीन वर्षे तसेच समजत होतो.

'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक आम्ही किती वेळा शिकविला याची गणती नाही. विदर्भाचा भवभूती, पंचवटीचे वन, राम शोकाने मूर्च्छित पडतो आणि अदृश्य सीता स्पर्शाने त्यास सावध करिते. मुलांस आम्ही सांगत असू की पाहा, प्रेमाचे सामर्थ्य केवढे! परंतु त्याच अंकात सीता सर्व काही ऐकते आणि पुढे येऊ शकत नाही, तिच्या त्या ताटकळण्याकडे आम्ही कधी पुरते पाहिलेच नव्हते. शोक करणारा नेहमी मध्यभागी उभा असतो. ज्याचा शोक करावयाचा त्याची गैरसोय कोणी विचारीत नाही. हे आम्हांस भवभूतीने चाळीस वर्षांत शिकविले नाही, कारण त्यापाशी आम्ही शिकविण्यासाठी जात होतो. चौदा वर्षांच्या मुलीपुढे आम्ही अडलेले विचारण्यासाठी बसलो, म्हणून कळले.

या पुस्तकात दोष नाहीत असे नाही. अर्धी पाने मारामारीची आहेत. गेतोचा पाडाव चार प्रकरणांच्या घाईत उरकला आहे आणि त्याचे पूर्वायुष्य पुढील खंडांवर सोपविले आहे. रिकाची काही चित्रे रात्री पाहू नयेत अशी आहेत. एखादा चिकित्सक म्हणेल की प्रेमास शाप म्हणणे हा पोरवयाचा अतिरेक आहे. आमचे म्हणणे इतकेच की प्रेम शाप नव्हे, परंतु निरोप न देणारे प्रेम शाप होऊ शकते, आणि बांधणाऱ्यास आपण बांधिले आहे याचा पत्ताही नसतो. पूर्वकथेचा खरा उपयोग हाच असावा. पुढले सारे वाचून झाल्यावर ती हाती येते आणि सांगते की आरंभी काय घडले ते तू चुकीचे समजला होतास.

तिथीच्या दिवशी पान वाढले. आम्ही ते गच्चीवर नेऊन ठेविले आणि हात जोडून, जे गिरणेच्या काठी म्हणावयाचे राहिले होते ते म्हटले. मग खाली आलो. कावळा आला की नाही हे मुलास पाहावयास सांगितले नाही.

दुपारी जानव्याची किल्ली काढून सूनबाईंच्या हाती दिली. "तिची लुगडी उन्हात घाला, आणि ज्यास जे हवे त्यास द्या," म्हणालो. त्यांनी किल्ली घेतली व जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. नातीस आम्ही ओसरीवर हाक मारिली आणि झोपाळ्याची डावी बाजू दाखविली. ती बसली. तिने पुढला खंड, म्हणजे पहिला, आमच्या मांडीवर ठेविला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी उलट्या बाजूने वाचावयाची पुस्तके येत असतील, त्यांनी ती जप्त करण्यापूर्वी एकदा आपल्या नातवंडांपाशी बसून वाचावीत, एवढीच विनंती. जप्त केली, तरी निदान रात्री वाचावीत.